दाराजवळचा पांढरा

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमननं ते वाचलेलं असणार, कारण देताना म्हणाला, "एप्रिलात येताहेत वाटतं मोठ्या बाई." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तू गावात येते आहेस हे खरं. घरी येते आहेस का, ते तूच मोघम ठेवलं आहेस. कंपनी आपल्या गावाला विमानाची नवीन फेरी सुरू करतेय, पहिल्याच फेरीवर तुझी ड्यूटी, मग अख्खा दिवस इथं मुक्काम. आणि शेवटी 'बोलावलं तर येईन, नाहीतर बाकीच्यांबरोबर हॉटेलात.'

बाबांना मी ते सगळं वाचून दाखवलं, शेवटची ओळसुद्धा. ते एका कवळीला पॉलिश करत होते. मशीन बंद केलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं वाचलं, तेव्हा म्हणाले, "ऐकलं. कवळ्या बनवतो म्हणून बहिरा नाही झालो."

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "मग बोलाव की पोरीला!"

"तिनं विचारून यायचं ठरलं होतं."

हे असंच चाललंय. निघालीस त्या दिवशी तू बॅग घेऊन दारात उभी होतीस. कार्यशाळा तुझ्या नावावर करायची म्हणून बाबांनी नवं टेबलसुद्धा आणलं होतं आणि तू विमानात लोकांना पाणी द्यायला निघालीस (त्यांचे शब्द, माझे नाहीत). ते म्हणाले, "परत यायचं तर विचारून ये." तू म्हणालीस, "बोलवाल तेव्हाच येईन." तेव्हापासून तुम्ही दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना कान लावून उभे आहात, आणि मी मध्ये बिजागरीसारखी, कुणीही ढकललं तरी कुरकुरणारी.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. परवा बाबा एक खोका काखेत मारून आले. वर ढगांमधून जाणाऱ्या प्रवासी विमानाचं चित्र. प्लास्टिकचं मॉडेल आहे, सुटे भाग जोडायचे आणि रंगवायचे. मी खोक्याच्या कडेचं बारीक अक्षर वाचलं. तू ज्यात असतेस तेच विमान, त्याच जातीचं.

"बाबा, हे तर..."

"कपाटात शोभेला. पेशंट बसतात, त्यांना बघायला काहीतरी हवं."

आपल्याकडे पेशंट येत नाहीत. डॉक्टरांचा माणूस येतो, जबड्यांचे ठसे ठेवतो, तयार कवळ्या नेतो. हे त्यांना माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे.

तुला कळवू का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, आणि मग मला लिहिता आलं नसतं. थोडं खुपतंय मनाला. पण एवढं चालत असावं.

तुझी,
चिमणी


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन का करत नाहीस, असं विचारतेस. फोनवर बोललेलं पुसता येत नाही म्हणून. मी शाळेत जायच्या आधी तू मला इथं कार्यशाळेतच अक्षरं शिकवलीस, ठशांतून उरलेल्या ओल्या प्लास्टरमध्ये बोटानं. चुकलं तर घट्ट व्हायच्या आत पुसायचं. माझा उलटा काढलेला ळ तसाच वाळला, तो बाबा अजून कागदांवर वजन म्हणून ठेवतात. तेव्हापासून तोंडातून शब्द निघाला की तो आता घट्ट होणार, अशी भीती वाटते. पत्र निदान फाडता येतं. हे तिसरं आहे. आधीची दोन फाडली.

विमानाला सुरुवात झाली. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले असतात, झाडाला शेंगा लागाव्या तसे. बाबा मेणकामाच्या पात्यानं एकेक खुडतात, कानशीनं डेख घासतात आणि मग तो तुकडा खालच्या ओठावरून फिरवतात. कवळीचं पॉलिश ते असंच तपासतात ना. बोट फसतं, ओठ फसत नाही.

आत्या म्हणाली, "दादा, चाटतोस काय, साखर लावलीय त्याला?"

"तुझी कवळी टोचते का कधी?"

"नाही."

"मग गप्प बस."

दुपारी जेवण झालं की बाबा आणि आत्या आडवे होतात, आणि कार्यशाळेत फक्त मी असते आणि पांढरी धूळ. ती खाली बसत नाही, उन्हात नुसती तरंगत राहते. परवा मी विमानाचं अर्धं धड हातात घेतलं. त्याच्या खिडक्या म्हणजे नुसती भोकं आहेत अजून, तांदळाच्या दाण्याएवढीही नाहीत. ते उन्हात धरलं आणि माझ्या मनगटावर उजेडाच्या ठिपक्यांची रांग पडली. धड जरा कलतं केलं की रांग कोपराकडे सरकायची. मला वाटलं, प्रत्येक ठिपक्यात कुणीतरी झोपलंय, आणि तू त्यांच्यामधून पावलं न वाजवता जाते आहेस, कुणाचं घसरलेलं पांघरूण वर ओढतेस, कुणाचा दिवा मालवतेस. खाली माझा हात म्हणजे कुठलातरी देश होता. माझ्या तिळावरून जाताना तू खिडकीतून पाहिलंस आणि म्हणालीस, हे गाव ओळखीचं वाटतं. बाबा उठून आले तेव्हा मी तशीच बसले होते. हात आखडला होता.

एक अडचण आहे. सूचनांच्या कागदावर दोन चित्रं आहेत. एकात चाकं पोटात गेलेली, झडपा मिटलेल्या, विमान दांडीवर हवेत उभं. दुसऱ्यात चाकं बाहेर, विमान जमिनीवर. दोन्हींचे भाग खोक्यात असतात, जोडणाऱ्यानं ठरवायचं.

"बाबा, उडतं करायचं की उतरलेलं?"

"बघू."

मी रोज विचारते. ते रोज 'बघू' म्हणतात. शेवटी आत्या म्हणाली, "खऱ्या पोरीचं ठरत नाही, तिथं प्लास्टिकचं काय ठरणार!" बाबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

तुझी,
चिमणी


२८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

"हे सगळं तिला लिहीत बसू नकोस," असं बाबांनी काल मला सांगितलं. म्हणून हे पत्र मी उभ्यानं लिहितेय, फ्रिजवर कागद ठेवून. अक्षर वाईट येतंय, माफ कर. माझ्या मनाला हा मार्ग पूर्ण पटलेला नाही, पण दुसरा सुचला नाही.

ठरलं. उतरलेलं. मी सकाळी तोंड धूत होते, बाबा मागून येऊन आरशात म्हणाले, "चाकं बाहेर." एवढंच. मी टॉवेलात तोंड लपवून हसले.

पण घोळ झाला. चाकं बाहेर काढायची असतील, तर धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधी नाकात वजन भरावं लागतं. विमानाचा मागचा भाग जड असतो, नाक रिकामं राहिलं तर ते पुढच्या चाकावर टिकत नाही. कागदावर तसं ठळक लिहिलेलं आहे. आणि बाबांचं 'बघू' चाललं होतं त्याच दिवसांत ते धड चिकटवून, सांधा घासून, ओठानं तपासून मोकळे झाले होते. नाक पोकळ. आयुष्यभर लोकांच्या तोंडात केसाएवढी फट राहू न देणारे बाबा!

चाकं बसवली, टेबलावर ठेवलं, आणि विमान सावकाश, एखाद्या थकलेल्या बाईसारखं, मागं शेपटीवर बसलं. नाक वर.

आत्या हसून हसून खुर्चीत कोसळली. "नाक वर करून बसलंय बघ! थोरलीच आहे ही, हुबेहूब!"

"थोरली नाही," बाबा म्हणाले. "माझ्यावर गेलंय."

ताई, हे ते म्हणाले. मी कुठलाही शब्द बदललेला नाही.

मी सुचवलं, दांडी आहेच खोक्यात, हवेत उभं करून टाकू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्याचे दात उलटे बसवा म्हटलं होतं. मग त्यांनी बारीक ड्रिल काढलं. विमान डाव्या हातात उताणं धरलं, पुढच्या चाकाच्या खोबणीवर दिवा ओढला आणि म्हणाले, "आ कर." खरंच म्हणाले, विमानाला. मग माझ्याकडे बघून खोकले. खोबणीतून भोक पाडून त्यांनी दातांच्या ओतकामातले उरलेले धातूचे कण चिमट्यानं एकेक आत सोडले, मध्येमध्ये गोंद, जशी दाढ भरतात तशी. सगळी दुपार गेली. आता ते तीन चाकांवर उभं राहतं. जोरात दार आपटलं तर जरा डुलतं, पण उभं राहतं.

आता रंग. आणि इथं खरी गोष्ट सुरू होते.

विमान पांढरं आहे, हे आपण सगळेच म्हणतो. बाबांच्या लेखी पांढरा असा रंगच नाही. त्यांच्याकडे छटांची ती पट्टी आहे ना, काड्यांना लावलेले नमुन्याचे दात, पेशंटच्या दातांशी लावून बघायला डॉक्टरांकडे पाठवतात ती. ती घेऊन ते तुझ्या कंपनीच्या जाहिरातीतल्या फोटोसमोर दोन दिवस बसले. फोटोत आभाळ निळं, म्हणून विमान निळसर. दुसऱ्या फोटोत संध्याकाळ, तिथं ते सायीसारखं. तिसऱ्यात पाऊस. बाबा वैतागून म्हणाले, "कुणाला ठाऊक कसला पांढरा आहे. रोज हात लावणाऱ्यालाच कळणार."

मी म्हटलं, "ताईला विचारू?"

"मी असं कुठं म्हटलं?"

पण संध्याकाळी माझ्या टेबलावर, पाकिटांच्या गठ्ठ्याशेजारी, कापसात गुंडाळलेले पट्टीतले तीन दात होते. त्यांनी ते मला दिले असं मी म्हणू शकत नाही. ते तिथं होते, आणि मी ते या पाकिटात घालतेय. सगळ्यात उजळ दाताच्या काडीला मी लाल दोरा बांधलाय, मधल्याला हिरवा, तिसरा तसाच. विमानाच्या दाराशी लावून बघ, ऊन थेट पडत नसताना. आणि परत पाठव, त्यांची पट्टी बोळकी दिसतेय.

तुझी,
चिमणी


१४ मार्च

प्रिय ताई,

दात पोचले. तुझं पत्रही. आम्ही ते तिघांनी मिळून वाचलं, म्हणजे मी वाचलं, आत्यानं मध्ये मध्ये थांबवलं आणि बाबांनी तसलं काही ऐकत नसल्यासारखं ब्रश धुतला, तोच ब्रश, पुन्हा पुन्हा.

पहाटे कुठल्यातरी शहरात, प्रवासी चढायच्या आधी, तू शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून विमानाला दात लावून पाहत होतीस, आणि तुझ्याबरोबरची मुलगी घाबरून म्हणाली, "पडला का गं? दुखतोय?" हे वाचताना आत्याला ठसका लागला. बाबा हसले का ते त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं, पण ब्रशचं पाणी टेबलावर सांडलं.

मग तू लिहिलंस ते मी पाठ करून टाकलंय. विमानापुढं सगळेच दात पिवळे पडले. त्यातल्या त्यात लाल दोऱ्याचा जवळचा, पण त्याहून थंड, चिनी मातीच्या बशीसारखा. फक्त दाराच्या कडेला, जिथं दिवसभर हात लागतात, तिथं तो पांढरा मऊ झालाय, तिथं हिरव्या दोऱ्याचा दात इतका जुळला की मध्ये रेघ दिसेना.

बाबांनी विचारलं, "कुठल्या दाराच्या? पुढच्या?"

"डाव्या बाजूच्या पुढच्या. ती तिथंच उभी असते, सगळ्यांना या म्हणायला."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी रंग कालवायला घेतला. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, धूळ बसू नये म्हणून काचेच्या भांड्याखाली झाकायचा. पुन्हा पातळ हात. घरभर त्या रंगाचा वास आहे, गोडसर, डोकं हलकं करणारा, सगळ्या खिडक्या उघड्या असूनही. मला दिवसाही झोपेत चालल्यासारखं वाटतं. भांड्याखालच्या विमानाकडे पाहिलं की ते दर वेळी जरा लांब गेल्यासारखं दिसतं, जसं धुकं दाटत जावं. काल मला स्वप्न पडलं की मी त्याच्या पंखावरून चालतेय, अनवाणी, आणि पंख साबणासारखा गुळगुळीत आणि कोमट आहे. टोकाला पोचले तर खाली आपलंच अंगण. आत्या कपडे वाळत घालत होती. तिनं वर बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उतर आता, जेवायची वेळ झाली." मी उतरायला पाय खाली सोडला आणि जागी झाले. पाय खरोखरच पलंगाखाली होता.

दाराच्या कडेला त्यांनी वेगळा पांढरा लावला. तीन केसांच्या ब्रशानं, श्वास रोखून. दुसऱ्या कुणाला तो दिसणारही नाही. मला दिसतो, कारण मला माहीत आहे.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवलेली नाही. 'बाबांनी बोलावलंय का? हो की नाही, एवढंच लिही. हो असेल तर येते.' ती ओळ वाचायची वेळ आली आणि माझा आवाज गेला. मी पत्र घडी करून टाकलं. आत्यानं ते ओळखलं. नंतर भांडी पुसताना तिनं मला गाठलं.

"काय लिहिलंय शेवटी?"

मी सांगितलं.

"मग लिही की हो! त्यात काय?"

"पण त्यांनी बोलावलेलं नाही, आत्या."

"अगं, विमानाला दात लावून बघतो तो माणूस! आणखी कसं बोलावतात?"

"तोंडानं."

"तू पण ना, अगदी त्याचीच. एक शब्द खोटा लिहिलास तर कुणाचं काय बिघडणार आहे? पोरगी घरी येईल, दोघं एकमेकांना बघतील, रडतील, संपलं."

मी ते तीन दिवस डोक्यात घोळवलं. 'हो' असा शब्द मी एका कोऱ्या कागदावर लिहूनही पाहिला. चांगला दिसत होता. पण मग तू आलीस, दारात उभी राहिलीस, बाबांनी दार उघडलं, आणि तू म्हणालीस, तुम्ही बोलावलंत म्हणून आले. आणि ते म्हणाले, मी? कधी? ताई, मला ते दार डोळ्यांसमोर दिसतं. ते दुसऱ्यांदा बंद झालं तर पुन्हा उघडणार नाही.

म्हणून या पत्रात मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीये. थांब जरा. फेरीला अजून वेळ आहे.

तुझी,
चिमणी


१९ मार्च

प्रिय ताई,

नाही.

बाबांनी बोलावलेलं नाही. तू हो की नाही विचारलं होतंस, आणि आता आणखी थांबले तर ते थांबणंही खोटं होईल.

आज सकाळी मी कार्यशाळेत गेले. बाबा तुझ्या कंपनीचं नाव विमानाच्या अंगावर चढवत होते. ती अक्षरं कागदावर छापलेली येतात, पाण्यात भिजवली की पातळ सालीसारखी सुटतात आणि मग ओल्या बोटानं जागेवर सरकवायची. तुझं पत्र मी त्यांच्यासमोर धरलं आणि शेवटची ओळ वाचली. या वेळी आवाज राहिला.

"काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी अक्षर जागेवर बसवलं. कापसानं पाणी टिपलं. "खरं असेल ते."

"खरं 'नाही' असं आहे."

"मग नाही लिही."

मी त्यांच्यासमोरच स्टूल ओढलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. वरचा शब्द लिहिला. ठशांमध्ये सगळं उलटं बघायची सवय असलेल्या माणसाला समोरून वाचायला वेळ लागत नाही.

"एवढं मोठं कशाला लिहिलंस?"

"नेहमीएवढंच आहे, बाबा."

"मोठं दिसतंय."

आत्या चहा घेऊन आली. तिनं आमच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि काहीही न बोलता कप ठेवले. आत्या काहीही न बोलता. मग ती दाराशीच उभी राहिली, ट्रे पोटाशी धरून.

बाबांनी चहा घेतला नाही. त्यांनी भिजलेली बोटं सदऱ्याला पुसली आणि विमानाकडे बघत बसले. ते पुरं झालेलं आहे, ताई. मी त्याला फार जवळून पाहत आले, म्हणून मला कळलंच नव्हतं. पांढरं, शांत, तीन चाकांवर, जणू आत्ताच थांबलंय आणि आतले लोक अजून पट्टे सोडताहेत. खिडकीतून वारा आला की त्याचं नाक किंचित हलत होतं. आम्ही तिघं बघत होतो. कुणीतरी बाहेर येईल असं वाटत होतं. हे मला एकटीलाच वाटत नव्हतं. आत्यानं मान जराशी पुढं काढली होती.

"कसं कळणार," बाबा म्हणाले, विमानाशीच, "की आपण बोलावलं तर थोरली येईल की नाही."

"तिनं लिहिलंय, येते म्हणून," मी म्हटलं.

"ते तुला लिहिलंय."

चहावर साय धरली. मला वाटलं, झालं, आता पाकीट बंद करायचं. मी घडी घालायला लागले.

"पेन दे," बाबा म्हणाले.

मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, वरचा शब्द खोडायचा नाही. मी लिहिला तेव्हा तो खरा होता.

"खोडत नाही."

मी उठले आणि त्यांना स्टूल दिलं. ते कवळीच्या तारा वाकवतात तसं, ओठ आत घेऊन, सावकाश लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी आत्याला विचारलं, "'बरं दिसतं का' की 'चालेल का'?" आत्या म्हणाली, "चालेल का."

खालचं अक्षर त्यांचं आहे. कागदाच्या कोपऱ्यावर बोट फिरवलंस तर खरखरीत लागेल. तो रंग आहे, त्यांच्या अंगठ्याचा. त्याखाली मी काहीही झाकलेलं नाही.

चिमणी


विमान किती वाजता उतरतं ते कळव. तुम्हा नोकरीतल्या लोकांना वेगळ्या दारानं बाहेर काढतात असं ऐकतो. ते दार कुठल्या बाजूला येतं? मी घ्यायला आलो तर चालेल का?

बाबा